माळ कोणाच्या गळ्यात?

अमेरिकेतील ऑस्कर पुरस्कारांच्या निमित्ताने २०२५ च्या प्रारंभी जो वाद रंगला, तो वरवर पाहता परक्या मुलुखातील करमणुकीचा वाटेल. परंतु गाणे आणि नाटक ही दोन निराळी दैवते आहेत असे ज्यांनी कधी मानलेच नाही, त्या गोमंतकीय रसिकांना त्याकडे पाठ फिरविता येणार नाही. ‘एमिलिया पेरेझ’ या चित्रपटातील नायिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. तिच्या गळ्याचा पल्ला वाढविण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेऊन तिच्या आवाजात दुसऱ्या गायिकेचा आवाज मिसळण्यात आला होता, हे त्या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रकानेच सांगितले होते. त्याच वर्षी ‘अ कम्प्लीट अननोन’मध्ये बॉब डिलन साकारणारा टिमोथी शॅलमे मात्र स्वतः गायला आणि गिटारही त्यानेच वाजविली. त्यालाही नामांकनच मिळाले. तेव्हा प्रश्न असा की, अभिनयाच्या पुरस्कारावर हक्क सांगणाऱ्या नटाने आपली गाणी आपणच म्हटली पाहिजेत, असा दंडक असावा काय?

हा प्रश्न नवा नाही. १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’त नायिका होती ऑड्री हेपबर्न, तिच्या तोंडची बहुतेक गाणी गायली मार्नी निक्सनने. निक्सनचे नाव पडद्यावर कोठेही नव्हते. तत्पूर्वी ‘द किंग अँड आय’ आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’ या चित्रपटांतही तिच्या वाट्याला हेच अज्ञातपण आले होते. ‘माय फेअर लेडी’ने आठ ऑस्कर पटकावले, हेपबर्नला मात्र नामांकनदेखील मिळाले नाही. रंगभूमीवर तीच भूमिका स्वतः गाऊन गाजविणाऱ्या ज्यूली अँड्र्यूजला चित्रपटातून वगळण्यात आले होते, आणि त्या वर्षीचा अभिनेत्रीचा पुरस्कार ‘मेरी पॉपिन्स’साठी नेमका तिलाच लाभला. नियतीचा हा न्याय रसिकांना सुखावून गेला; परंतु जिच्या गळ्याने एवढे वैभव उभे केले, त्या निक्सनच्या पदरात त्यातून काय पडले?

ऑस्करच्या परीक्षकांनी तरी एक कसोटी कोठे पाळली? लोकगायिका लोरेटा लिन हिची भूमिका करणारी सिसी स्पेसेक १९८० च्या चित्रपटात स्वतः गायली, तिला पुरस्कार मिळाला. ‘रे’ (२००४) मध्ये जेमी फॉक्सच्या ओठांवर बहुतांशी खुद्द रे चार्ल्सचाच आवाज होता. पुरस्कार त्यालाही मिळाला. आमच्या मते यात विसंगती नाही. तेथे आवाज कोणाचा, हे झाकलेले नव्हते. प्रेक्षक फसला नाही, आणि ज्याचा आवाज त्याचे श्रेयही हिरावले गेले नाही.

आता आपल्या घरात पाहू. ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील विष्णुपंत पागनीस स्वतः गात होते. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये, आमच्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींच्या संगीतात न्हालेला खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांनी उभा केला. त्यांचा अभिनय कोठे संपतो आणि ताना कोठे सुरू होतात, हे सांगणे अवघड होते. अशी एकरूपता हे कलेचे परमभाग्य होय. पण परमभाग्याचा कोणी नियम करीत नाही. तो केला, तर ‘बालगंधर्व’ (२०११) मधील सुबोध भावे यांची भूमिका पंक्तीतून उठवावी लागेल, कारण तेथील गळा आनंद भाटे यांचा. २०१५ च्या चित्रपटरूप ‘कट्यार’मधील सचिन पिळगावकरांचा खाँसाहेबही बाद ठरेल, कारण त्यामागे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गात होते. हा न्याय नव्हे.

उलट आपल्याकडील व्यवस्था या बाबतीत अधिक शहाणी आहे. ‘महल’ (१९४९) मधील गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून प्रथम पात्राचेच नाव, ‘कामिनी’, छापले गेले होते. तेथून आपण पुढे आलो, ते आपोआप नव्हे. गायकांना पुरस्कार नसेल तर समारंभात गाणार नाही, असे दीनानाथांच्या कन्येने, लताबाईंनी, ठणकावले. आणि १९५९ पासून फिल्मफेअर पार्श्वगायनाचा सन्मान करू लागले. पहिला मान ‘मधुमती’साठी लताबाईंचाच. पुढे राष्ट्रीय पुरस्कारांतही पार्श्वगायनाला स्वतंत्र आसन मिळाले. भाटे यांना ‘बालगंधर्व’साठी आणि महेश काळे यांना ‘कट्यार’साठी ते लाभले. ‘मी वसंतराव’मध्ये तर राहुल देशपांडे यांनी भूमिकाही केली आणि गायनही, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो गायनाचा. ऑस्करमध्ये गाणाऱ्या गळ्यासाठी असे आसन आजही नाही. तेथील कलहाचे मूळ आम्हांस येथेच दिसते.

म्हणून दंडक घालायचाच, तर तो गाण्याचा नव्हे, सांगण्याचा घालावा. भूमिकेत ज्याचा ज्याचा आवाज आहे, त्याचे नाव पडद्यावर आलेच पाहिजे. यंत्राने आवाज घडविला असेल, तर तेही परीक्षकांना मतदानापूर्वी कळले पाहिजे. मार्नी निक्सनला निदान स्वतःचा गळा कोठे वापरला गेला हे ठाऊक होते. उद्याच्या गायकाला आपला सूर कोणत्या यंत्रात विरघळला याचा पत्ताही लागणार नाही. जत्रेत रात्रभर जागून दशावतारी कालो पाहणारा आमचा गावकरी नटाचा घसा बसला तर क्षमा करतो, कारण त्या घशाचा धनी त्याला समोर दिसत असतो. पडद्यावर तो दिसत नाही; म्हणूनच त्याचे नाव तेथे लिहिले जाणे हे उपकार नव्हेत, तर फार दिवसांचे देणे आहे.