गाळात खेळती हवा

जर्मनीच्या उत्तर टोकाला सिल्ट नावाचं बेट आहे. ओहोटीला तिथला समुद्र दूरवर ओसरतो आणि उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर जागोजागी कुरडयांसारखी वेटोळी दिसतात. ही लगवर्मची विष्ठा. लगवर्म हा गांडुळाच्या गोतातला समुद्री कृमी. वाळूत वीसेक सेंटिमीटर खोल बीळ करून तो राहतो, वाळू गिळतो, तिच्यातले सूक्ष्मजीव आणि सेंद्रिय कण पचवतो आणि उरलेली वाळू वर आणून टाकतो. शिवाय अंगाच्या लाटा करून बिळात सतत ताजं पाणी खेचत राहतो.

या पाण्याचं मोल मोठं आहे. किनाऱ्यावरच्या बारीक गाळात प्राणवायू जेमतेम काही मिलिमीटर उतरतो. त्याखालचे जिवाणू प्राणवायूवाचून, समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. खाडीत पाय रुतला की येणारा कुजक्या अंड्यांचा वास त्याचाच. गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की चिखल काळा पडतो. बिळाभोवती मात्र याच काळ्या चिखलात तांबूस कडा उमटते, कारण तिथे प्राणवायू पोचून लोह गंजलेलं असतं. त्या कडेतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. शेजारच्या प्राणवायूहीन थरातले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. शेतातल्या खतांतून आणि सांडपाण्यातून समुद्रात आलेला जादा नायट्रोजन असा कमी होतो.

हे कृमी नसतील तर काय होईल? सिल्टवर कार्स्टन रायझे आणि निल्स फोल्केनबोर्न यांनी २००२ पासून ते करून पाहिलं. प्रत्येकी ४०० चौरस मीटरच्या तुकड्यांत त्यांनी वाळूखाली बारीक जाळी पुरली, म्हणजे लगवर्मना बिळं राखता येईनात. तिथल्या वाळूच्या फटींत बारीक गाळ साचला, पाणी झिरपणं घटलं, सल्फाइड वाढलं. एरवीच्या उलथापालथीत न टिकणारे, नळ्या बांधून राहणारे कृमी तिथे वाढले. या वाळूत कोणी नांदायचं हे बऱ्याच अंशी लगवर्म ठरवतो, हे त्यातून दिसलं.

हे काम फार जुनं आहे. सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी प्राणी गाळात बिळं करू लागले. कँब्रियन कालखंडाची सुरुवात भूशास्त्रज्ञ ओळखतात तीच मुळी न्यूफाउंडलंडच्या खडकात उरलेल्या अशा एका बिळाच्या ठशावरून.

कोकणच्या खाड्यांत हेच काम एक नांगी मोठी असलेले चिमुकले खेकडे करतात. गाळात पुरून राहणाऱ्या शिंपल्याही आपल्या परीने तो ढवळतात. तरीही ट्रॉलरची जाळी समुद्राचा तळ खरवडत जातात आणि दलदलीवर भराव पडतो, तेव्हा हिशेब मासळीचा आणि झाडांचा होतो, या बिळांचा होत नाही. बिळं गेली की गाळातला हा कारभार मोडतो, आणि तो आपल्याला यंत्रांनी उभा करता येणार नाही. म्हणून ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाला पडीक जमीन म्हणणं आपण आधी थांबवलं पाहिजे.