नाव रायफलचे, मुक्काम पिस्तुलात!

अंगठ्याच्या पेराएवढे एक काडतूस. लांबी जेमतेम एक इंच आणि पुढे बसवलेली शिशाची गोळी सुमारे अडीच ग्रॅमची. हातात घेतले तर खेळण्यातले वाटावे! नेमबाज मंडळी त्याला 'पॉइंट टू टू' म्हणतात. पूर्ण नाव '.२२ लाँग रायफल'. अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ साली ते तयार केले.

नावात रायफल असली, तरी ते पिस्तुलातही चालते. कोल्हापूरचीच दोन उदाहरणे पाहा. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावले. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. एकीच्या हाती पिस्तूल, दुसऱ्याच्या हाती रायफल. काडतूस मात्र तेच. धक्का कमी आणि किंमतही कमी, त्यामुळे सरावाला ते सोयीचे.

याच काडतुसासाठी जर्मनीच्या वॉल्थर कंपनीने या शतकाच्या आरंभी 'पी-२२' हे आटोपशीर पिस्तूल बाजारात आणले. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे. चाप ओढला की आतली सुई पितळी पुंगळीच्या कडेवर आदळते. ठिणगी पाडणारे रसायन या कडेतच भरलेले असते. दारू पेटून गोळी सुटते आणि त्याच जोराने पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकून रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. लगेच पुढचे काडतूस जागेवर येते. चाप मात्र दर वेळी नव्याने ओढावा लागतो, म्हणून हे पिस्तूल 'अर्धस्वयंचलित'.

'एवढ्याशा गोळीने काय होणार?' असे कुणी म्हणेल. पण १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांचे प्राण घेतले. त्याच्याजवळच्या दोन पिस्तुलांपैकी एक हेच पी-२२ होते. मृतांमध्ये मूळचे तामिळनाडूचे एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. डिसेंबर २००५ मध्येच न्यायालयाने त्या तरुणाला मानसिक उपचार घेण्याचा आदेश दिला होता. परंतु ती नोंद शस्त्रखरेदीच्या वेळी तपासल्या जाणाऱ्या यादीत पोहोचलीच नाही. पिस्तूल घेताना त्याला कुणी अडवले नाही!

या काडतुसांच्या डब्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला आढळतो. आपल्याकडेही १९५९ च्या शस्त्र कायद्याने अशा पिस्तुलाला परवाना सक्तीचा केला आहे. नेमबाजीच्या मैदानावर नवशिक्याला पहिला धडा मिळतो, तो नेम धरण्याचा नव्हे. हुकूम झाल्याशिवाय काडतूस भरायचे नाही आणि नळी सदैव लक्ष्याकडेच ठेवायची, हा तो धडा. काडतूस लहान असले, म्हणून नियम लहान होत नाहीत.