तांत्रिक संदर्भग्रंथांची संगणकीय सूची

चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींनी छत्रपती संभाजीनगरच्या जीवनाला जे वळण दिले, त्याचे वर्णन कारखान्यांची नावे आणि उत्पादनाचे आकडे देऊन पुष्कळदा झाले आहे. परंतु त्या कारखान्यांच्या आश्रयाने वाढलेल्या लहान-मोठ्या वर्कशॉपांत दररोज जी एक बौद्धिक निकड उत्पन्न होते, तिची दखल क्वचितच घेतली जाते. अमुक जातीच्या पोलादाचे हार्डनिंग किती अंशांवर करावे, अमुक जाडीच्या पत्र्याला वाकवताना किती त्रिज्या राखावी, अमुक आम्लापुढे कोणता प्लास्टिक पाइप टिकेल, हे प्रश्न अनुभवी माणसालाही तोंडपाठ उत्तराने सोडवता येत नाहीत, आणि म्हणूनच १९१४ पासून निघत असलेले ‘मशिनरीज हँडबुक’ किंवा १९३४ पासून रसायन अभियंत्यांच्या मेजावर असलेले पेरी यांचे हँडबुक यांसारखे ग्रंथ आवृत्तीमागून आवृत्ती सुधारत आजवर चालत आले आहेत. असा ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत कोणी वाचीत नाही. हजारो पृष्ठांतील एका कोष्टकाची एक ओळ पाहण्यासाठी तो उघडला जातो. ती ओळ नेमक्या वेळी हाती येणे हा साऱ्या खटाटोपाचा हेतू, आणि संगणकीय सूचीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा या दोहोंची पारख याच कसोटीवर व्हावयास हवी.

पूर्वी ग्रंथालयाच्या दालनात शिरताच लाकडी खणांचे कपाट दिसे, आणि त्या खणांतील पत्रकांवर ग्रंथकार, ग्रंथनाम व विषय या तीन वाटांनी ग्रंथापर्यंत पोहोचता येई. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम या विदुषीने, ज्या मूळच्या ग्रंथपाल नव्हत्या तर संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या होत्या, या पत्रकावरील प्रत्येक तपशिलाला क्रमांक देऊन तो यंत्राला ओळखता येईल अशी ‘मार्क’ नावाची पद्धत सिद्ध केली. तीत १०० हा क्रमांक ग्रंथकाराचा, २४५ हा ग्रंथनामाचा, ६५० हा विषयाचा, ०८२ हा ड्युई वर्गांकाचा. आज आपल्या गावातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या सूचीत आपण शब्द टंकतो तेव्हा तो याच कप्प्यांतून शोधला जातो, मग ती सूची गुजरातेतील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘सोल’ या प्रणालीवर चालणारी असो, की न्यूझीलंडमधील एका लहान सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार होऊन जानेवारी २००० मध्ये कार्यान्वित झालेल्या आणि सर्वांना मोफत उपलब्ध असलेल्या ‘कोहा’वर चालणारी असो.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे, कारण तो ध्यानात न आल्यामुळे सूचीला व्यर्थ दोष दिला जातो. ग्रंथालयाची सूची ग्रंथाच्या नोंदीचा शोध घेते; ग्रंथाच्या मजकुराचा नव्हे. ‘नॉव्हेल’ किंवा ‘ओरायली’ यांसारखे वर्गणीचे कोश मात्र ग्रंथातील प्रत्येक पृष्ठाचा, पहिल्यातील कित्येक कोष्टकांचादेखील, शोध घेतात. हायपॉइड गिअरची आखणी पाहिजे असलेल्या माणसाने मजकूर शोधणाऱ्या कोशात ‘हायपॉइड’ हाच शब्द द्यावा. पण महाविद्यालयाच्या सूचीत तो शब्द देऊन एकही ग्रंथ आढळला नाही, तर ग्रंथालयात त्या विषयाचे काही नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण ते प्रकरण ‘गिअर’ किंवा ‘यंत्र आखणी’ या व्यापक नावाच्या ग्रंथाच्या पोटात असण्याचाच संभव अधिक. एके ठिकाणी संकुचित शब्दाकडे उतरावे लागते, दुसऱ्या ठिकाणी व्यापक शब्दाकडे चढावे लागते, आणि शोधाचे निम्मे कौशल्य या चढउतारात आहे.

संगणक हे करतो कसे, हेही जाणून घेण्यासारखे आहे. तो आपल्या प्रश्नासरशी सारे ग्रंथ चाळीत बसत नाही. त्याने आधीच प्रत्येक शब्दाची एक फेरिस्त करून ठेवलेली असते आणि शब्दापुढे तो जेथे जेथे आला त्या नोंदींचे क्रमांक मांडलेले असतात. दोन शब्द दिले की दोन याद्यांतील समाईक क्रमांक निघतात. ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’ या तीन क्रियांची ही तर्कव्यवस्था जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या १८५४ मधील ग्रंथापर्यंत मागे जाते. या शोधशास्त्राची पहिली मोठी परीक्षा तांत्रिक वाङ्मयावरच झाली, याचे मला फार अप्रूप वाटते. इंग्लंडातील क्रॅनफील्ड येथील वैमानिकी महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी विमानविद्येवरील निबंध घेऊन १९६० च्या सुमारास निरनिराळ्या सूचीपद्धतींची तुलना केली, आणि मोठ्या विद्वत्तेने रचलेल्या विषयसंज्ञांहून ग्रंथातलेच साधे सुटे शब्द शोधाला अधिक उपयोगी पडतात, असा सर्वांना चकित करणारा निष्कर्ष हाती आला. पुढे १९७२ मध्ये कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने शब्दाच्या दुर्मिळतेला मूल्य दिले: जो शब्द सर्वत्र आढळतो तो काहीच सांगत नाही, जो क्वचित आढळतो तो वाट दाखवतो. ‘हँडबुक’, ‘डिझाइन’, ‘इंजिनिअरिंग’ हे शब्द टंकून शेकडो ग्रंथांची यादी पाहत बसणाऱ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगेन, की आपल्या प्रश्नातील सर्वांत अनोळखी शब्द कोणता ते आधी ठरवा, आणि तो पुरा पडत नाही असे दिसले तरच इतरांकडे वळा.

परंतु शब्दांच्या पलीकडे वर्गांकाची एक वाट आहे, आणि मराठवाड्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व पाण्याच्या विषयात जितके प्रत्ययास येते तितके अन्यत्र येत नाही. मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात पाणी एका जागी नाही. धरणे ६२७.८ या क्रमांकाखाली, शहराचा पाणीपुरवठा ६२८.१ खाली, सिंचन शेतीच्या कपाटात ६३१.५८७ खाली, जलविज्ञान भूशास्त्राच्या शेजारी ५५१.४८ खाली, आणि जलसंपत्तीचे अर्थकारण ३३३.९१ खाली, म्हणजे अभियांत्रिकीपासून कितीतरी दूर सामाजिक शास्त्रांत बसले आहे. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पावर, ज्याची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि ज्याचे उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले, समग्र अभ्यास करू इच्छिणाऱ्याने या पाचही कपाटांना भेट दिली पाहिजे. केवळ ‘धरण’ शब्दावर थांबणाऱ्याला मातीच्या भरावाचा हिशेब सापडेल, पण कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याला पाणी का पोहोचत नाही याचा उलगडा होणार नाही. कांचनवाडीची वाल्मी, म्हणजे १९८० मध्ये स्थापन झालेली जल व भूमी व्यवस्थापन संस्था, पाणी आणि जमीन यांचा एकत्र विचार करण्यासाठीच निर्माण झाली. वर्गीकरणाने ज्यांची ताटातूट केली त्यांचा संयोग साधणारे असे खास ग्रंथसंग्रह आपल्या गावात आहेत, हे आपले भाग्य समजले पाहिजे.

आता नावांचा प्रश्न. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी या शहराला भूमिगत नळांनी पाणी आणले, त्या नहर-ए-अंबरीवरील स्थापत्यविषयक लेखन शोधू गेले असता रोमन लिपीत ‘नहर’ चार-पाच प्रकारे लिहिलेला आढळतो, ‘ए’च्या जागी कोठे ‘आय’ येतो, आणि कित्येक ठिकाणी तर तिची नोंद ‘कनात’ या इराणी जलपद्धतीच्या नावाखालीच असते. शहराच्या नावाचेही तसेच. २०२३ मध्ये नामांतर झाले. पण त्यापूर्वीचे प्रबंध, अहवाल आणि ग्रंथ सूचीत ‘औरंगाबाद’ या जुन्याच नावाने नोंदलेले आहेत व तसेच राहणार, शिवाय इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत त्या नावाचे वर्णलेखनही वेगळे असे आणि बिहारात त्याच नावाचा दुसरा जिल्हा आहे. तेव्हा दोन्ही नावे ‘किंवा’ने जोडून शोध घ्यावा, आणि बिहार वगळावा.

या संदर्भात एका विस्मृत वारशाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. मौलवी अब्दुल हक यांच्या कारकिर्दीत अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे मुख्य ठाणे याच शहरात होते आणि १९३८ मध्ये ते दिल्लीस हलले. उस्मानिया विद्यापीठात शास्त्रीय विषय उर्दूतून शिकवले जात होते, त्या काळी पारिभाषिक संज्ञा कशा घडवाव्यात याची मीमांसा करणारा वहीदुद्दीन सलीम यांचा ग्रंथ १९२१ मध्ये, आणि अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये येथूनच प्रकाशित झाला. शास्त्र देशी भाषेत आणण्याचा एवढा मोठा उद्योग ज्या गावात झाला, त्या गावातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्याची वार्ताही नसावी, याचे वाईट वाटते. सूचीत प्रकाशनस्थळाच्या कप्प्यात ‘औरंगाबाद, दक्कन’ असा शोध घेतला तर हे दालन उघडते.

मराठी ग्रंथांचा शोध मात्र आजही सर्वांत बिकट आहे, आणि त्याची कारणे आपण समजून घेतली तरच ती दूर होतील. पहिले कारण लेखनाचे: १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या नियमांपूर्वीच्या ग्रंथांत अनुच्चारित अनुस्वार सर्वत्र आहेत, त्यामुळे ‘यंत्रें’ आणि ‘यंत्रे’ यंत्राच्या लेखी दोन भिन्न शब्द होतात. दुसरे अधिक सूक्ष्म आहे. ‘ॲल्युमिनियम’मधील पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, तत्पूर्वी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिले जाई, आणि डोळ्यांना दोन्ही एकच दिसली तरी संगणकाला ती वेगळी आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील अर्ध्या ‘र’चीही दोन रूपे प्रचलित असून एकात एक अदृश्य जोडचिन्ह दडलेले असते. म्हणून ‘ॲसिड’ शोधून काही मिळाले नाही तर ‘आम्ल’ शोधावे. तिसरे कारण जुन्या टंकांचे: युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण त्याच्या पोटात रोमन वर्णांचे संकेत असतात, आणि असा ग्रंथ शोधाला सर्वस्वी अदृश्य राहतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या योजनेत छायांकित झालेले व आता इंटरनेट आर्काइव्हवर आढळणारे जुने मराठी ग्रंथ तर कित्येकदा अशा विपरीत रोमन वर्णलेखनाने नोंदलेले आहेत, की ग्रंथनामाऐवजी ग्रंथकाराच्या आडनावाने आणि प्रकाशनवर्षाने शोध घेणेच श्रेयस्कर. या अडचणीत दोन साधने हाताशी ठेवावीत: भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश, आणि १९७६ पासून खंडशः निघालेला व आता संगणकावर सर्वांना खुला असलेला मराठी विश्वकोश. तेथून इंग्रजी संज्ञा मिळवावी आणि तिच्या आधाराने मोठ्या सूचीत प्रवेश करावा.

ग्रंथ सापडला म्हणजे काम संपले असे नाही. तांत्रिक ग्रंथाची आवृत्ती पाहणे हे शोधकाचे पहिले कर्तव्य आहे. काँक्रीटसंबंधीचे ४५६ क्रमांकाचे भारतीय मानक १९५३ मध्ये प्रथम निघाले आणि १९५७, १९६४, १९७८ व २००० मध्ये सुधारले गेले. सूची जुने-नवे सारेच निर्विकारपणे पुढे ठेवते, आणि १९७८ च्या पाठावर आधारलेला ग्रंथ घेऊन आज स्लॅब आखणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. मानकाचा मूळ पाठ भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून बहुधा विनामूल्य मिळतो, तेव्हा ग्रंथातील उताऱ्यावर विसंबू नये. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला अर्पण झाले, तेही सर्वांना खुले आहे. शासकीय संस्थांसाठी २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुमारे १३,००० नियतकालिकांची आहे. हँडबुकांची गरज तीमुळे भागत नाही, आणि वर्गणीचे महागडे कोश लहान वर्कशॉपवाल्याच्या आवाक्याबाहेरच राहतात.

म्हणून या अंकाच्या वाचकांना, विशेषतः ग्रंथालयांचे विश्वस्त, प्राचार्य आणि मराठीत तांत्रिक लेखन करणारे यांना माझी विनंती आहे. महाविद्यालयांनी आपल्या सूची बाहेरच्या माणसाला पाहता येतील अशा ठेवाव्यात, आणि वाळूजच्या कारागिराला अल्प अनामत घेऊन संदर्भदालनात बसू द्यावे. लेखक-प्रकाशकांनी ग्रंथ युनिकोडमध्ये जुळवावा, अखेरीस विषयसूची द्यावी, संज्ञेची मराठी व इंग्रजी दोन्ही रूपे नोंदीत यावीत असा आग्रह धरावा, आणि मोफत मिळणारा आयएसबीएन क्रमांक घेण्याचा कंटाळा करू नये. ग्रंथपालांनी शहराची दोन्ही नावे नोंदीत जोडून द्यावीत. हे काम एका उन्हाळ्याच्या सुटीत दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने होण्यासारखे आहे, आणि ते येत्या सुटीतच हाती घ्यावे.