गुडघेदुखीच्या गोळ्या घेता? पोट आणि मूत्रपिंड सांभाळा



कपाशीची वेचणी सुरू झाली की गावसभेत बोंडअळीबरोबर गुडघ्यांचाही विषय निघतो. दिवसभर वाकून वेचायचे, निंदणाला उकिडवे बसायचे; पन्नाशीच्या आतच गुडघे धरतात. मग आठवडी बाजारात मेडिकलवर जाऊन "दुखण्याच्या चार द्या" म्हणायचे आणि एक सकाळी, एक रात्री घ्यायची. मी काही डॉक्टर नाही. कोणती गोळी, किती दिवस, हे त्यांनीच सांगावे. पण औषध वापरण्याची रीत सांगतो. ती फवारणीपेक्षा फार वेगळी नाही.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक ही या गोळ्यांतली नेहमीची औषधे. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सांध्यात ती वाढली की सूज येते, ठणका लागतो. गोळी ती तयार होऊ देत नाही, म्हणून आराम पडतो. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराला आम्लापासून जपतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. गोळीला गुडघा कोणता अन् मूत्रपिंड कोणते, हे कळत नाही. ती सगळीकडेच काम करते. आणि झिजलेला गुडघा काही ती भरून देत नाही.

घाम जाऊन अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड याच द्रव्यांच्या आधारावर काम रेटते. नेमकी तेव्हाच गोळी घेतली तर तो आधारच निघतो. म्हणून भर उन्हात, उपाशीपोटी, घोटभर चहावर गोळी घेऊन कामाला जाणे सर्वांत वाईट. जुलाब-उलट्या चालू असतील तर ही गोळी नकोच.

आपल्या जिल्ह्यात तर जास्तच जपले पाहिजे. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत, मूत्रपिंडाच्या आजाराने कितीतरी घरे पोळली आहेत. तिथल्या माणसाने, तसेच रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्याने, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्यावे. गरोदर बाईने आणि हृदयाचा त्रास असलेल्यानेही परस्पर घेऊ नये.

दुसरी चूक दोन नावांची. दोन कंपन्यांचे कीटकनाशक आणले आणि दोन्हींत घटक एकच निघाला, हे आपण पाहिलेले आहे. गोळ्यांचेही तसेच. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक, ब्रुफेन म्हणजे आयबुप्रोफेन. कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेन असतेच. नावे वेगळी असली तरी जात एक. दोन एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, पोटात व्रण होण्याचा धोका मात्र वाढतो. पाकिटावरचे बारीक अक्षर पोराकडून वाचून घ्या.

बिननावाच्या पुड्या तर घेऊच नका. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवसांत माणूस पळायला लागतो, पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. बरेच दिवस अशी पुडी चालू असेल तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

गुडघ्यापुरते दुखणे असेल तर डायक्लोफेनॅकचे मलम चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. मलमातले औषध रक्तात फार थोडे जाते. मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायामही त्यांच्याकडून शिकून घ्या.

जाता जाता गोठ्याचे. बैल लंगडतो म्हणून माणसाचे डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन त्याला टोचू नका. अशा जनावराचे मढे खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी ते बंद झाले. बैलासाठी पशुवैद्यकाकडून मेलॉक्सिकॅम लिहून घ्या.

गोळी चालू असताना शौच डांबरासारखे काळे झाले, रक्ताची उलटी झाली, लघवी कमी झाली किंवा पायांवर सूज आली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. गोळ्यांचे पाकीट सोबत न्यायला विसरू नका.