यादीचें दुसरें पान

गेल्या वर्षीं माझ्या भाचीनें एका शिष्यवृत्तीसाठीं अर्ज केला होता. अर्जदारांची यादी संकेतस्थळावर लागली तेव्हां घरांतील सर्व मंडळी रात्रीं पडद्यासमोर जमली. एका पानावर वीस नांवें होतीं. पहिलें पान वाचलें, दुसरें वाचलें, अशीं सर्व पानें वाचून झालीं; परंतु मुलीचें नांव कोठेंच दिसेना. अर्ज बाद झाला असें समजून तिच्या आईनें डोळ्यांस पदर लावला. सकाळीं पुन्हां पाहतों तों नांव पहिल्या पानाच्या तळाशीं! रात्रींतून कोणी कृपा केली नव्हती, कीं कोणी लबाडीहि केली नव्हती. नांव यादींत सारा वेळ होतेंच. हें कसें घडतें तें येथें सांगावयाचें आहे.

संकेतस्थळावरील अशी यादी कोठें कागदासारखी लिहून ठेवलेली नसते. नोंदी दूरच्या संगणकावर, डेटाबेस नांवाच्या माहितीच्या कोठारांत असतात, आणि आपण पान मागतों तेव्हां तें बहुधा त्याच क्षणीं तयार होतें. लाखभर नोंदी एकदम पाठविल्या तर आपला फोन अडखळेल, आणि वाचणारा तरी इतक्या वाचणार थोड्याच? म्हणून वीस-वीसांचे घांस करून वाढतात. पण ‘दुसरें पान द्या’ म्हणजे नेमकें काय द्या?

सर्वांत सोपी रीत मोजणीची. डेटाबेसला आज्ञा जाते कीं, नोंदी क्रमानें लाव, पहिल्या वीस सोड, पुढच्या वीस दे. पोस्टग्रेस, मायएस्‌क्यूएल इत्यादि डेटाबेसांत ‘इतक्या सोड’ यास ऑफसेट व ‘इतक्याच दे’ यास लिमिट म्हणतात.

आतां प्रार्थनेसाठीं उभी राहिलेली मुलांची रांग डोळ्यांसमोर आणा. मास्तरांनीं पहिल्या वीस मुलांचीं नांवें लिहून घेतलीं आणि ते क्षणभर आंत गेले. परत येऊन ते पुन्हां आरंभापासून वीस मुलें मोजतात व एकविसाव्यापासून लिहूं लागतात. मध्यंतरीं पुढचीं तीन मुलें घरीं गेलीं असतील तर? पूर्वीं एकविसावा, बाविसावा व तेविसावा असलेले तिघे आतां ‘झालेल्या’ विसांत मोजले जातील, आणि त्यांचीं नांवें कोणत्याच कागदावर येणार नाहींत. उलट, उशिरा आलेलीं तीन मुलें रांगेच्या तोंडाशीं उभीं राहिलीं, तर आधीं लिहिलेल्या तिघांचीं नांवें दुसऱ्यांदा लिहिलीं जातील. आम्ही पहिलें पान वाचीत असतांना वरच्या कोणी तरी अर्ज मागें घेतला असला पाहिजे, आणि भाची एकविसाव्या जागेवरून विसाव्या जागेवर सरकली. पुनरुक्ति निदान डोळ्यांना दिसते. गळलेलें नांव दिसत नाहीं, म्हणून तो दोष मला अधिक वाईट वाटतो.

शिवाय ही रीत महागहि पडते. ‘सोड’ म्हटलें तरी सोडावयाच्या नोंदी डेटाबेसला एकामागून एक ओलांडाव्याच लागतात. ५,००१ वें पान मागा. वीस नोंदी हातीं पडण्यापूर्वीं १,००,००० नोंदी व्यर्थ हाताळल्या जातील. लाख नोंदींचीं ५,००० पानें कोणी ओळीनें मागितलीं, तर एकंदर २५ कोटी ५० हजार नोंदी मोजाव्या लागतात! इलॅस्टिकसर्च नांवाच्या शोधयंत्रांत तर, कोणी मुद्दाम बदल केला नाहीं तर, या रीतीनें १०,००० नोंदींपलीकडे जातांच येत नाहीं.

दुसरी रीत वाचनखुणेची. मास्तरांनीं मोजणी न करतां शेवटच्या मुलाची खूण लक्षांत ठेवली असती तर काम सरळ होतें. अर्जक्रमांक उतरत्या क्रमानें लावले असून पहिल्या पानावरचा शेवटचा अर्ज ९८१ असेल, तर ‘वीस सोडून’ असें न म्हणतां ‘९८१ हून लहान क्रमांकाचे पहिले वीस दे’ असें म्हणावयाचें. वर कितीहि जण आले-गेले तरी ९८० क्रमांकाचा अर्ज दुसऱ्या पानावर येणारच. फार काय, खुद्द ९८१ चा अर्ज मागें घेतला गेला तरी चालतें, कारण तुलना अंकाशीं आहे, माणसाशीं नाहीं.

ही जागा चटकन् सांपडते ती सूचीमुळें. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनीं १९७२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या बी-ट्री नांवाच्या रचनेंत सूचीचीं पानें झाडाच्या फांद्यांप्रमाणें एकाखालीं एक असतात. एका पानांतून ३०० वाटा फुटत असल्या, तर तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख नोंदींपैकीं हवी ती गांठतां येते. मग पहिलें पान काय नि पांचहजारावें काय, श्रम जवळजवळ सारखेच.

येथें एक खांच आहे. यादी गुणांप्रमाणें लावली आणि पान ८२ गुणांवर संपलें, तर ‘८२ हून कमी’ असें मागतांच ८२ गुणांचीं उरलेलीं मुलें गळतील. म्हणून खूण दुहेरी ठेवावी : आधीं गुण, आणि गुण समान असतील तेथें अर्जक्रमांक. एडगर कॉड यांनीं १९७० मध्यें मांडलेल्या ज्या विचारावर असले डेटाबेस उभे आहेत, त्यांत नोंदींना स्वतःचा असा क्रमच नाहीं. तो मागणाऱ्यानें सांगावयाचा असतो, आणि अर्धवट सांगितला तर उरलेलें डेटाबेसच्या मर्जीवर जातें.

खुणेच्या रीतींत उणें नाहीं असें नव्हे. एकदम सत्तावन्नाव्या पानावर उडी घेतां येत नाहीं, आणि वाचून झालेल्या भागांत मागाहून आलेलें नांव दिसत नाहीं. परंतु सत्तावन्नावें पानच हवें असा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाहीं. लोकांना आपलें नांव हवें असतें. ज्या याद्या अजून मोजणीनेंच पानें पाडतात, तेथें शोधाची चौकट असल्यास तींत अर्जक्रमांक घालावा. त्या प्रश्नाचा पानांशीं कांहींच संबंध नसतो.