करवंदांचे पौष्टिक पेय : रंग फळाचा, बळ चण्याचे

मे महिना लागला की पेडणे व डिचोलीच्या माळांवर करवंदे काळी होऊ लागतात. आपण त्यांना कांटां म्हणतो. पोरे खिसे भरून आणतात आणि वाटेवर बायका पानांच्या द्रोणात घालून विकतात. करवंदे सरता सरता जांभळांचा सडा पडतो. पहिला पाऊस आला की हा सारा मेवा चिखलात जातो.

याच दिवसांत दुसरेही एक दृश्य आम्ही पाहतो. गावातील तरुण मुलगा शहरातील व्यायामशाळेत जातो आणि प्रथिनांच्या भुकटीचा मोठा डबा घेऊन येतो. किलोभर डब्याला दोन-तीन हजार रुपये सहज पडतात. त्या भुकटीत तो गोठवलेली स्ट्रॉबेरी घालून पेय घुसळतो. त्याच घरातील त्याची आई मात्र सकाळी कोऱ्या चहावर शेतात उतरते आणि दुपारी सर्वांच्या मागून जेवते. बळाची गरज खरे म्हणजे कोणाला अधिक आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

तसे पेय घरच्या जिनसांतून करता येते का, असे आम्हांला अनेकदा विचारले जाते. करता येते. पण आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे.

फळात प्रथिने नसतात

शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नसते. जांभळाचेही तसेच. फळ देते ते रंग, चव, थोडे तंतू आणि क जीवनसत्त्व. त्यामुळे नुसत्या फळांचा रस पिऊन अंगात मांस भरणार नाही. बळ येते ते पेल्यात त्याबरोबर काय घातले आहे त्यातून.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात, भाजलेल्या चण्यांत सुमारे 20 आणि नाचणीत सुमारे 7. पेलाभर दुधात किंवा दह्यात 6 ग्रॅमच्या आसपास, तर एका उकडलेल्या अंड्यात सुमारे 6. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली सुचविलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिन लागते. म्हणजे 55 किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे 46 ग्रॅम. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांना याहून जास्त.

पेय पहिले : दही, नाचणी व करवंदे

नाचणीचे पीठ दोन मोठे चमचे (सुमारे 20 ग्रॅम) घेऊन पाण्यात कालवावे आणि तिझानाप्रमाणे पातळ शिजवून थंड करावे. कच्चे पीठ पेयात घालू नये. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेली नाचणी असेल तर पचनास अधिक हलकी. त्यात पेलाभर दही, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा बारीक कूट व मूठभर पिकलेल्या करवंदांचा गर घालावा. करवंदे आधी देठ काढून दोन पाण्यांत धुवावीत, म्हणजे चीक जातो. मग कुस्करून चाळणीतून गाळावीत, म्हणजे बिया मागे राहतात. मिक्सर नसला तर रवीने घुसळले तरी चालते. अशा एका मोठ्या पेल्यातून 12 ते 13 ग्रॅम प्रथिने मिळतात. त्या बाईच्या दिवसभराच्या गरजेचा हा चौथा हिस्सा झाला.

पहिल्या खेपेस आम्ही करवंदांचा गर कोमट दुधात घातला आणि सारे दूध फाटले. आंबट फळाला दहीच बरे. दूधच वापरायचे असेल तर ते उकळून पूर्ण गार करावे, गोड पिकलेली जांभळे घ्यावीत आणि पेय लगेच संपवावे.

पेय दुसरे : चण्याचे पीठ व जांभळे

ज्यांच्या घरी दुभते नाही त्यांच्यासाठी हे. भाजलेल्या चण्यांचे पीठ चार मोठे चमचे (सुमारे 40 ग्रॅम) उकळून गार केलेल्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावे. त्यात जांभळांचा किंवा करवंदांचा गर, चिमूटभर मीठ व जिऱ्याची पूड घालावी. यातून 8 ग्रॅम प्रथिने मिळतात. वर थोडे लिंबू पिळले तर चण्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. चहा मात्र याबरोबर घेऊ नये, तासभर तरी थांबावे. चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. लावणीच्या दिवसांत सकाळी शेतात जाण्यापूर्वी हा पेला घ्यावा.

साखरेविषयी

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण आपल्या गोव्यातच आढळले : प्रौढांपैकी 26.4 टक्के, म्हणजे चौघांत एक. तेव्हा या पेयांत साखर घालू नये. गोडी हवीच तर अर्धे केळे पुरे. गूळ हासुद्धा साखरेचाच भाऊ, हे विसरू नये. जांभळाने मधुमेह बरा होतो असे समजून कोणी औषध बंद करू नये.

फळे गोठवून ठेवणे

फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा असेल तर मेमधील करवंदे पावसाळ्यातही वापरता येतात. धुतलेली फळे फडक्यावर पूर्ण कोरडी करावीत. जांभळांच्या बिया काढाव्यात. मग ताटात एकेरी पसरून गोठवावीत आणि कडक झाल्यावर लहान लहान पिशव्यांत भरावीत. असे केल्याने गोळा होत नाही व लागतील तेवढीच काढता येतात. दोन-तीन महिन्यांत संपवावीत. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणून स्वच्छता आधीच हवी.

आपल्याकडे पावसात वीज जाते. अशा वेळी कप्प्याचे दार उघडू नये. वीज आल्यावर फळांत बर्फाचे कण शिल्लक असतील तर ती पुन्हा गोठू द्यावीत. पूर्ण वितळली असतील तर त्याच दिवशी शिजवून संपवावीत.

सावधगिरी

बुरशी आलेले किंवा कडवट लागणारे शेंगदाणे फेकून द्यावेत. पावसाळ्यात हे विशेष पाहावे, कारण त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते व भाजल्याने ते पुरते जात नाही. पेयात कच्चे अंडे फोडू नये, अंडे उकडून वेगळे खावे. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, कूटच द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. आणि हे पेय जेवणाच्या जागी नाही. पेज, आमटी व बांगडा यांना ते जोड म्हणून आहे.

कुंपणाला करवंद लावा

डिचोलीतील कित्येक डोंगर खाणींनी पोखरले. पेडण्यातील मोपाच्या पठारावर आता विमानतळ आहे, जानेवारी 2023 पासून तेथून विमाने उडतात. करवंदीच्या जाळ्या ज्या माळांवर वाढतात ते माळच कमी होत आहेत. तेव्हा करवंद आपल्या बांधावर आणावे. पिकलेल्या फळाचे बी धुऊन ताजेच पेरावे, कारण जुने बी रुजत नाही. रोपे पुढच्या पावसाच्या आरंभी कुंपणाकडेने तीन-तीन फुटांवर लावावीत. काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत आणि एकदा मूळ धरल्यावर पाणी घालावे लागत नाही. मोठी फळे हवी असतील तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही करवंदाची जात आहे. जांभळात त्याच विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ प्रसिद्ध आहे.

डबा विकत घेण्यापूर्वी घरातील चण्याचा डबा एकदा उघडून पाहावा. आणि पेय केले तर पहिला पेला मुलाने घुसळून आईच्या हाती द्यावा, एवढीच आमची विनंती.