पाखराचे दुखणे आणि दूरचा दवाखाना

भोकर परिसरातील वाड्या-तांड्यांवर अनेक घरांत पाखरे सांभाळली जातात. परसात चार-सहा गावरान कोंबड्या, ओसरीवरील पिंजऱ्यात ‘लव्हबर्ड’ म्हणून आणलेली बजरीगारांची जोडी, क्वचित कुठे कबुतरांची ढाबळ. वसतिगृहातील मूल घरी फोन करते, तेव्हा आईवडिलांच्या खुशालीपाठोपाठ कोंबडीच्या पिल्लांची चौकशी करते, हे आम्ही शिक्षक नेहमी ऐकतो. पण हेच पाखरू एखाद्या सकाळी पिसे फुगवून कोपऱ्यात बसले, की घरातील मंडळींना काय करावे ते सुचत नाही. गाय अडली तर कोणाला हाक मारायची हे साऱ्या गावाला ठाऊक असते. पस्तीस ग्रॅमच्या पाखरासाठी मात्र दवाखान्याची पायरी चढायला माणूस संकोचतो, आणि चढलाच तर तिथे त्या पाखराचा अनुभव असलेले कोणी भेटेलच असे नाही.

यात डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. लोकांच्या तोंडी ‘ढोरांचा दवाखाना’ असलेली ही व्यवस्था गाय, म्हैस, बैल आणि शेळ्या यांच्यासाठी उभी राहिली. चारशे किलोची गाय बजरीगारापेक्षा दहा हजार पटींहून अधिक जड असते. एकीचा औषधाचा हिशेब दुसऱ्याला लागू पडत नाही. पशुवैद्यक महाविद्यालये आपल्याला उदगीर आणि परभणी येथे आहेत. भोकरहून तिथवर आजारी पाखरू नेणे म्हणजे दिवसभराचा प्रवास, आणि तोही प्रत्येक पाखराला सोसवेल असे नाही. तेव्हा पहिले काही तास पाखरू घरच्यांच्याच हाती असते.

त्यात मोठी अडचण अशी, की पाखरू दुखणे लपवते. रानात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे अंगात बळ असेपर्यंत निरोगी असल्यासारखे वागणे ही त्याची प्रकृतीच आहे. ‘काल तर चांगले होते’ असे आपण म्हणतो, त्या वेळी आजार बहुधा बऱ्याच दिवसांचा असतो. म्हणून रोजची नजर महत्त्वाची. पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कागद अंथरावा आणि सकाळी शीट पाहावी. निरोगी शीटेत तीन भाग वेगळे दिसतात: हिरवट किंवा तपकिरी विष्ठा, पांढरा क्षार आणि थोडे पाणी. भाजीपाला जास्त खाल्ला तर पाणी वाढते, त्याने घाबरू नये. परंतु रक्त दिसले, किंवा रंग व पातळपणा दिवसभर बदललेलाच राहिला, तर दखल घ्यावी. श्वासाबरोबर शेपटी खालीवर हलत असेल, चोच उघडी राहत असेल, तर प्रकरण गंभीर समजावे. छातीचे मधले हाड बोटाला धारदार लागू लागले, तर पाखरू वाळत चालले आहे. पिसांमुळे हे डोळ्यांना दिसत नाही. आठवड्यातून एकदा लहान इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून वहीत लिहावे. बजरीगाराचे तीन-चार ग्रॅम घटणे म्हणजे त्याच्या देहाचा दहावा हिस्सा जाणे होय. हे काम मुले मोठ्यांपेक्षा चोख करतात.

आजारी पाखराला सर्वांत आधी ऊब हवी. त्याच्या अंगाचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, एकेचाळीस अंशांच्या आसपास असते, आणि ते राखण्यातच त्याची शक्ती खर्च होते. पिंजरा तीन बाजूंनी कापडाने झाकून एका बाजूस बाहेरून चाळीस वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा लावावा. कापड दिव्याला टेकू देऊ नये. दुसरी बाजू थंड ठेवावी, म्हणजे उकडले तर पाखरू स्वतः सरकते. मे महिन्यात मात्र आपल्याकडे नेमके उलटे संकट असते. पंख अंगापासून दूर धरून ते धापा टाकू लागले, तर सावलीत न्यावे, पाय साध्या पाण्याने ओले करावेत; बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये. पिंजरा स्वयंपाकघरात टांगण्याची पद्धत सोडलेली बरी. चुलीचा व मच्छर कॉइलचा धूर पाखराच्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याची वाफ काही मिनिटांत त्याचा जीव घेते.

औषधाविषयी आमचे मत कठोर आहे. मेडिकलवरून आणलेली माणसाची गोळी कुटून पाण्यात देऊ नये. एका जिवाला तारणारे औषध दुसऱ्याला मारते, याचा फार मोठा दाखला आपल्याच देशात घडला आहे. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मृत देहातून गिधाडांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडांचे थवेच्या थवे नाहीसे झाले. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. चोच उघडून बळेच पाणी ओतणेही टाळावे. ते श्वासनलिकेत गेले की पाखरू दगावते.

दवाखान्यात जाण्यापूर्वी फोन करावा. शीटेचा फोटो, श्वासाची छोटी चित्रफीत, वजनाची वही आणि चालू खाद्याची माहिती सोबत ठेवावी. पक्ष्यांचा अनुभव कमी असलेल्या डॉक्टरांनाही त्यावरून महाविद्यालयातील तज्ज्ञांचा सल्ला फोनवर घेता येतो. १९६२ हा पशुसेवेचा निःशुल्क क्रमांक घरात लिहून ठेवावा.

एका पाखराचे दुखणे ही घरची काळजी. दोन दिवसांत तीन-चार पाखरे मेली तर ती गावाची होते. मान पिळवटणारी मानमोडी, म्हणजे राणीखेत, लसीने टळते. लासोटा लस पिल्लाला पहिल्याच आठवड्यात देतात. बर्ड फ्लूचे तसे नाही. २००६ मध्ये नवापूरला तो देशात प्रथम आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडू लागले आणि त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात लोहा तालुक्यातील किवळा येथे पिल्लांमध्ये तो सापडला. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान पक्के केले, की बाधित जागेभोवतीच्या ठरावीक परिसरातील कोंबड्या नष्ट केल्या जातात. निरोगी दिसणारी कोंबडीही त्यात जाते, मुलाने नाव ठेवलेलीसुद्धा. याच भीतीने मर लपवली जाते. शासन भरपाई देते. पण भरपाईने सारे भरून निघत नाही, हे आम्ही मान्य करतो. तरीही कळवलेच पाहिजे, कारण हा विषाणू माणसालाही गाठतो. १९९७ मध्ये हाँगकाँगला अठरा जणांना लागण झाली, त्यांतील सहा दगावले. पोपटवर्गीय पाखरांच्या वाळलेल्या शिटेच्या धुळीतूनही एक वेगळा ताप माणसाला येतो. म्हणून पिंजरा कोरडा झाडू नये. पाणी शिंपडून, नाकावर रुमाल बांधून पुसावा. घरात पाखरे असताना कोणाला ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

झाडाखाली सापडलेले रानपोपटाचे पिल्लू पाळण्याचा मोह मुलांना होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा ठरते. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे.

पाखरू गेलेच, तर ते नाल्यात टाकू नये, घरी चिरूनही पाहू नये. हातात पिशवी घालून उचलावे, दुहेरी पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवावे. ते गोठू देऊ नये. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवून शवविच्छेदनाविषयी विचारावे. पिंजऱ्यात वा खुराड्यात मागे राहिलेल्यांना काय द्यायचे, ते बहुधा त्यातूनच कळते. तोवर त्यांचे दाणापाणी वेगळ्या भांड्यात ठेवावे आणि नवे पाखरू घरात आणू नये.